बेल्जियम २७, आशिया शून्य

पनवेलहून बोलतोय, नेहमीसारखाच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय रोड सायकलिंगची जागतिक स्पर्धा. दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास होते, आणि जिंकणाऱ्याला इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मिळते. ती त्याने पुढचं वर्षभर त्या प्रकारच्या प्रत्येक शर्यतीत घालायची. पुरुषांच्या मुख्य शर्यतीचा हिशेब आधी सांगून टाकतो. १९२७ पासून २०२५ पर्यंत बेल्जियमने ती २७ वेळा जिंकली. इटलीने १९ वेळा. आशियातल्या देशांनी शून्य वेळा.

आता बेल्जियम केवढा, तर साधारण ३०,७०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३,०७,७०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एका राज्यात दहा बेल्जियम बसतात. लोकसंख्या सव्वा कोटीच्याही आत. स्लोव्हेनिया तर त्याहून लहान, २१ लाखांच्या आसपास लोक, आणि २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं जर्सी त्यांच्या तादेय पोगाचारकडे. महिलांची पहिली जागतिक रोड रेस १९५८ साली फ्रान्समधल्या रँसला झाली, ती जिंकली एल्सी याकोब्सने. देश लक्झेंबर्ग. आपला एकटा रायगड जिल्हा लक्झेंबर्गच्या जवळजवळ पावणेतीन पट आहे!

असे आकडे समोर आले की आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, त्यांची शरीरयष्टीच वेगळी. दोन, आपल्याकडे पैसा नाही. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते इतिहासातूनच सांगतो.

आधी ही शर्यत चालते कशी ते बघू, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. वर्षभर हे सायकलपटू कंपन्यांच्या टीमकडून खेळतात. टूर द फ्रान्समध्ये देश नसतात, टीम असतात, आपल्या आयपीएलसारखं. जागतिक स्पर्धेच्या आठवड्यात मात्र सगळे आपापल्या देशाची जर्सी घालतात. म्हणजे कालचा सहकारी आज प्रतिस्पर्धी, आणि कालचा वैरी आज आपल्या संघात.

आणि संघ लागतोच. सायकलच्या शर्यतीत सगळ्यात मोठा शत्रू वारा. पुढच्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशाने चालवली तर मागच्याचे श्रम पाव-तृतीयांशाने वाचतात. म्हणून सात जण आळीपाळीने वारा अंगावर घेतात, आणि आठवा शेवटच्या क्षणासाठी ताजातवाना राहतो. पदक एकाच्या गळ्यात पडतं, पण त्यामागे सात जणांची ओढाताण असते. शिवाय कुठल्या देशाने किती खेळाडू उतरवायचे हे जागतिक क्रमवारीवर ठरतं. पहिल्या दहा देशांना आठ-आठ, मग खाली कमी-कमी, आणि बऱ्याच देशांच्या वाट्याला फक्त एक जागा. त्या एकट्याला आडोसा कोण देणार? कोणी नाही. ज्याच्याकडे आधीच आहे त्याला अजून, असा हा प्रकार.

अर्थात आठ जण असून भागतंच असं नाही. १९७३ सालची बार्सिलोनाची शर्यत घ्या. शेवटी चार जण पुढे निसटले होते. त्यातले दोन बेल्जियमचे, एडी मर्क्स आणि तरुण फ्रेडी मार्टेन्स. तिसरा स्पेनचा ओकान्या, चौथा इटलीचा जिमोंदी. मर्क्स म्हणजे त्या काळचा सम्राट. त्याने एकट्याने पुढे उसळी मारली, तर त्याच्या मागे जोर लावून कोण धावला? त्याचाच देशबांधव मार्टेन्स. बाकीचे दोघे अर्थातच मार्टेन्सच्या मागे चिकटून आले. अंतिम रेषेवर जिमोंदी पहिला, मार्टेन्स दुसरा, ओकान्या तिसरा आणि मर्क्स चौथा. पुढे कित्येक वर्षं त्या दोघांची धुसफूस चालू होती. एकाच्या सायकलला इटालियन कंपनीचे सुटे भाग, दुसऱ्याच्या सायकलला जपानी कंपनीचे, त्यावरून झालं असंही बोललं गेलं. देशाची जर्सी घातली म्हणून माणसं आपोआप एकदिलाची होतात असं नसतं, हे भारतीय माणसाला वेगळं सांगायला नको.

तर मूळ प्रश्न, बेल्जियमच का?

१९१३ मध्ये फ्लँडर्स भागात एका क्रीडा वृत्तपत्राने शर्यत सुरू केली, टूर ऑफ फ्लँडर्स. हेतू सरळ होता, पेपर खपवायचा. टूर द फ्रान्सही १९०३ साली 'लोतो' नावाच्या पेपरनेच सुरू केली, आणि जिरो द'इटालिया १९०९ साली 'गॅझेटा देल्लो स्पोर्त'ने. पण मोठ्या शर्यती हे नुसतं शिखर. खरा पाया खाली, गावागावांत. बेल्जियमच्या गावची जत्रा भरली की सायकलची शर्यत आलीच. गावाभोवतीचा पाच-दहा किलोमीटरचा रस्ता बंद करायचा, त्याच रस्त्यावर चकरा मारायच्या, कडेला बियर आणि बटाट्याचे काप. बक्षीस फार नाही. पण उन्हाळ्यात अशा शर्यती जवळजवळ रोज कुठे ना कुठे असतात. पंधरा-सोळा वर्षांचं पोर आठवड्यात दोन-तीनदा शंभरजणांच्या घोळक्यात घुसतं. कोपरं कशी लावायची, वळणावर कुठे राहायचं, कोण दमलंय हे श्वासावरून कसं ओळखायचं, हे ते तिथे शिकतं. जिममध्ये हे शिकवता येत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या जत्रेत काय असतं? कुस्तीचा फड. नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात, शेवटी मोठ्या इनामाची. आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी आणलं? कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, कुस्तीत. त्याच हेलसिंकीला भारताचे सायकलपटूही गेले होते. ते रिकाम्या हाताने परतले. खाशाबांच्या मागे शेकडो गावांचे फड होते, शेकडो लाल मातीचे आखाडे होते. सायकलपटूंच्या मागे काय होतं? हौस होती, आणि मुंबईतले काही क्लब. हौस कमी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. १९२३ साली मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले होते, त्यातले तिघे १९२८ मध्ये ती पूर्ण करून घरी परतले. अशी माणसं इथे होती.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. सायकल आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. रॅले, हर्क्युलस, बीएसए ही नावं आजोबांना विचारा, अजून आठवत असतील. पण गंमत अशी की, इंग्रजांच्या स्वतःच्या देशात सायकलच्या रोड रेसवर बंदी होती! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेच सार्वजनिक रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावायला मनाई केली. भीती ही, की घोडागाडीवाले साहेबलोक चिडतील, पोलिस येतील आणि सायकलच रस्त्यावरून हद्दपार होईल. मग उरलं काय, तर टाइम ट्रायल. एकेकाने ठरावीक अंतराने सुटायचं आणि घड्याळाशी शर्यत करायची. तीही पहाटे, लोक उठायच्या आत. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे, म्हणजे शर्यत चाललीय असं कुणाला वाटू नये. रस्त्यांची नावंही सांकेतिक, बाहेरच्याला कळू नयेत म्हणून.

एक किस्सा तर फारच भारी आहे. १९२१ मध्ये कोपनहेगनला हौशी खेळाडूंची पहिली जागतिक रोड स्पर्धा झाली, आणि १९२२ चं यजमानपद इंग्लंडकडे आलं. त्यांनी ती आपल्या सवयीप्रमाणे टाइम ट्रायल म्हणून भरवली, आणि पहिले तिन्ही क्रमांक आपणच घेतले. डेव्ह मार्श पहिला. पण पुढे युरोपभर घोळक्याची शर्यत रुजत गेली आणि इंग्रज मागे पडत गेले. मुख्य शर्यतीत त्यांचा पहिला विजेता थेट १९६५ साली, टॉम सिम्पसन. त्याच्याआधी पर्सी स्टॅलार्ड नावाच्या एका हट्टी माणसाने १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी घोळक्याची शर्यत घेतली. महायुद्धामुळे पेट्रोल नव्हतं, रस्ते रिकामेच होते. पोलिसांनी मदत केली, लोक बघायला आले, कुणाला काही झालं नाही. आणि त्याच्या संघटनेने त्यालाच बाहेर काढलं.

म्हणजे आपल्या राज्यकर्त्यांकडून आपल्याला सायकल मिळाली, रस्ता मिळाला, पण रस्त्यावर शर्यत लावायची रीत मिळाली नाही. त्यांच्याकडेच ती नव्हती.

दुसरीकडे एरिट्रिया बघा. तिथे राज्य इटलीचं. इटालियन लोकांनी सायकलही नेली आणि शर्यतीचं वेडही. स्थानिकांना सुरुवातीला इटालियनांबरोबर धावू देत नव्हते, हा त्यातला कडू भाग. पण वेड लागायचं ते लागलंच. १९४६ मध्ये पहिली जिरो द'एरिट्रिया झाली. आज राजधानी अस्मारात शर्यत असली की सगळं शहर रस्त्याच्या कडेला उभं असतं. त्यातूनच २०१५ मध्ये दॅनिएल तेक्लेहाइमानोत टूर द फ्रान्समध्ये काही दिवस लाल ठिपक्यांची जर्सी घालून फिरला. ही जर्सी सर्वोत्तम चढाईवाल्याची. त्यातूनच बिनियम गिरमाय २०२१ मध्ये तेवीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला, आणि २०२४ मध्ये टूर द फ्रान्सची हिरवी जर्सी. एरिट्रियाकडे आपल्यापेक्षा पैसा जास्त आहे, असं कोणी म्हणेल का?

१९४६ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी आपणही सुरुवात केली होती. जानकीदास हे नाव जुने हिंदी सिनेमे बघणाऱ्यांना विनोदी नट म्हणून माहीत असेल. पण ते आधी सायकलपटू होते, १९३८ मध्ये सिडनीच्या एम्पायर गेम्समध्ये भारताकडून उतरलेले. त्यांनी आणि मुंबईच्या सोहराब भूत यांनी १९४६ मध्ये सायकलपटूंची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवली. त्याच वर्षी झुरिकच्या जागतिक स्पर्धेत भारताचा संघ पहिल्यांदा उतरला, असं फेडरेशनच्या इतिहासात नोंदलेलं आहे. विचार करा, देश अजून स्वतंत्रही व्हायचा होता. महायुद्धानंतरची ती पहिलीच जागतिक स्पर्धा. मुख्य शर्यत स्वित्झर्लंडच्या हान्स क्नेख्तने घरच्या रस्त्यावर जिंकली. त्यानंतर आपण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलो, १९५२ ला हेलसिंकीला, १९६४ ला टोकियोला. पुढे पॅरिस २०२४ पर्यंत ऑलिंपिकच्या सायकलिंगमध्ये भारताचा एकही खेळाडू दिसला नाही. जागतिक रोड स्पर्धेतही आपली हजेरी तुरळकच. बंगळूरच्या नवीन जॉनने २०१६ मध्ये दोहाला टाइम ट्रायल केली. एकटा माणूस जाऊन करू शकेल असाच तो प्रकार आहे, हेही बघा.

मग आपल्याकडे शर्यत नव्हतीच का? होती की. आमच्या पनवेलवरूनच जायची. मुंबई–पुणे सायकल शर्यत.

आमच्याकडच्या जुन्या लोकांना त्याबद्दल नुसतं विचारा, मग थांबत नाहीत. पळस्पे फाट्यावरून पुण्याकडे वळायचं, शेडुंग, चौक, खालापूर, आणि खोपोलीला पोचलात की समोर बोरघाट. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटरवर, खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे एका दमात जवळपास पाचशे मीटर चढ. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने हा घाटरस्ता गाड्यांसाठी खुला केला, तो बैलगाड्या आणि टपालासाठी. शर्यतीत हा घाट सगळ्यात आधी चढणारा तो 'घाटाचा राजा'. पुण्यात कोण पहिला आला हे लोक विसरायचे, पण घाटाचा राजा कोण हे लक्षात ठेवायचे. टूर द फ्रान्समधली ती लाल ठिपक्यांची जर्सी म्हणजे दुसरं काय? तीही घाटाच्या राजाचीच. आपल्या लोकांनी स्वतःच शोधलेला हा शब्द मला फार आवडतो. शर्यतीचं मर्म कळलेल्या माणसांनाच असा शब्द सुचतो.

पण ती वर्षातून एकदा. मधल्या काही वर्षांत तीही नाही. आणि एका शर्यतीतून परंपरा तयार होत नाही. फड वर्षातून एकच भरला असता तर खाशाबा घडले असते का?

इथे कोणी म्हणेल, भारताने सायकलिंगमध्ये जागतिक पदक घेतलंय की. बरोबर आहे. २०१९ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्ट ओडरला ज्युनिअर गटाच्या टीम स्प्रिंटमध्ये एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी सुवर्ण घेतलं. पण ते ट्रॅकवर. लाकडी, कलत्या कडांच्या बंदिस्त धावपट्टीवर. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तसा एक ट्रॅक बांधला, तिथे पोरांना ठेवलं, प्रशिक्षक दिले, आणि दहा वर्षांच्या आत पदक आलं. भंडाऱ्याची मयुरी लुटे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पोचली तीही ट्रॅकवरूनच. माझ्या दृष्टीने हा पुरावाच आहे. पाय आपल्याकडे आहेत, फुप्फुसंही आहेत. ट्रॅक ही एक इमारत आहे, सरकार ती बांधू शकतं. रस्ता मात्र सगळ्यांचा असतो. रविवारी सकाळी चार तास तो सायकलींना द्यायचा की नाही, हे गाव ठरवतं, ट्रकवाला ठरवतो, पोलिस ठरवतात, लग्नाला निघालेलं वऱ्हाड ठरवतं.

आमच्या पनवेलचंच बघा. देशातले दोन नामांकित रस्ते इथून सुरू होतात किंवा इथे येऊन टेकतात. कळंबोलीपासून पुण्याकडे एक्स्प्रेसवे, जो २००२ मध्ये पूर्ण झाला. आणि शिवडीहून समुद्र ओलांडून आपल्या बाजूला चिर्ल्याला उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, २०२४ चा. दोन्हींवर सायकलला प्रवेश नाही. ते योग्यच आहे, तिथे सायकल घालणं म्हणजे जीव देणं. पण मग सायकलला उरतो तो जुना पुणे रोड, आणि त्यावर कंटेनर. म्हणून आमचे सायकलवाले पहाटे पाचला पळस्प्याला जमतात आणि गर्दी व्हायच्या आत परततात. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजांसारखंच, लोक उठायच्या आत! फक्त कपडे काळे नाहीत, चमकणारे आहेत.

रस्ता द्यायचं ठरवलं तर काय होतं, ते रवांडात दिसलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आफ्रिकेत झाली, किगालीला. १९९४ च्या वंशसंहारात उद्ध्वस्त झालेला देश, आकाराने बेल्जियमपेक्षाही थोडा लहान. गंमत म्हणजे एकेकाळी तिथे राज्य बेल्जियमचंच होतं. २००७ च्या सुमारास त्यांनी मूठभर पोरांचा राष्ट्रीय संघ उभा केला, २००९ पासून टूर द रवांडा आंतरराष्ट्रीय दर्जाची झाली आणि दरवर्षी होत राहिली. किगालीची शर्यत २६७.५ किलोमीटरची, चढ एकूण साडेपाच हजार मीटरच्या जवळपास. म्हणजे एका दिवसात दहा-अकरा वेळा बोरघाट! दीडशेहून अधिक जण निघाले, पोचले फक्त ३०. पोगाचार पहिला, बेल्जियमचा एवेनपूल दुसरा. महिलांमध्ये कॅनडाची मॅग्डलेन वॅलियेर जिंकली, जिचं नाव आदल्या दिवशी फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. रवांडाला पदक मिळालं नाही. पण आठवडाभर शहराने आपले रस्ते सोडून दिले, शाळांना सुट्टी दिली, आणि कडेला उभ्या पोरांनी जगातले सगळ्यात वेगवान पाय हाताच्या अंतरावरून जाताना पाहिले.

आपल्याकडे जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटर, अनेक टप्पे, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची. तिचं सगळ्यात मोठं महत्त्व बक्षिसाच्या रकमेत नाही, गुणांत आहे. मघाशी म्हणालो ना, कुठल्या देशाचे किती खेळाडू हे क्रमवारीवर ठरतं? ती क्रमवारी अशा मान्यताप्राप्त शर्यतींतल्या गुणांवर बनते. हे गुण मिळवायला आपल्या पोरांना बहुतेक वेळा तिकीट काढून परदेशी जावं लागायचं. शर्यत इथे झाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा झाली, आणि अशा चार-पाच झाल्या, तर गुण घरच्या रस्त्यावर मिळतील. गुणांतून जागा वाढतील, एकाच्या तीन, तीनाच्या सहा. मग पुढच्याला निदान आडोसा तरी मिळेल.

पुढची जागतिक स्पर्धा सप्टेंबर २०२६ मध्ये कॅनडात, माँट्रियलला आहे. वेळेचा फरक मोठा आहे, तेव्हा मुख्य शर्यतीचा शेवट आपल्याकडे रात्री उशिरा येईल. शक्य झालं तर त्या रात्री लाइव्ह येऊन बोलू. तोवर तुमच्या गावात कधी सायकल शर्यत व्हायची का, घाटाचा राजा कोण होता, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. जुने फोटो असतील तर तेही पाठवा.